ओढू नका, फिरवा : प्रोसेसरचा हीटसिंक काढताना आणि बसवताना

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची भांडी खाली आली, तसा माझा कॉम्प्युटरही टेबलावरून खाली आला. कॅबिनेटचं झाकण उघडलं तर हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता खेचून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये धूळ नव्हतीच, गोधडी होती. चार स्क्रू काढायचे, साफ करायचं, परत लावायचं, अर्ध्या तासाचं काम असा माझा हिशेब. स्क्रू निघाले, पण हीटसिंक जागचा हलेना. मग दोन्ही हातांनी धरला आणि सरळ वर ओढला. टक्‌ असा आवाज झाला, हीटसिंक हातात आला आणि त्याच्या बुडाला अख्खा प्रोसेसर चिकटून आला. सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या मदरबोर्डवरच्या खोबणीची, कडी बंद होती ती बंदच. प्रोसेसरच्या कोपऱ्यातल्या दोन पिना आडव्या झाल्या होत्या.

बाहेर फटाके वाजत होते आणि मी टेबल लॅम्पखाली भिंग घेऊन पिना सरळ करत बसलो होतो. पिना वाचल्या, पण त्यात नशिबाचा भाग मोठा. या कामाबद्दल कुणालाही विचारा, तो थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावायचा लेप) ठिपक्यात लावावी की फुलीत यावर तासभर बोलेल. पेस्ट थोडी कमी-जास्त झाली तर तापमान चार अंश इकडे-तिकडे होतं, बस्स. खरं नुकसान काढताना होतं, म्हणून या लेखातही काढण्यालाच जास्त जागा दिली आहे.

एक खुलासा. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणायची पद्धत आहे. इथे डबा म्हणजे कॅबिनेट, आणि प्रोसेसर म्हणजे आतल्या मदरबोर्डवरची ती चौकोनी चकती. हे सगळं डेस्कटॉपपुरतं आहे. लॅपटॉपचं प्रकरण वेगळं, त्यात बहुधा प्रोसेसरवर धातूचं झाकणही नसतं. पहिला प्रयोग त्याच्यावर करू नका.

१. आधी ओळखा : पिना कोणाला आहेत?

झाकण उघडण्याआधी प्रोसेसरचं नाव बघून घ्या. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये गेलं की दिसतं.

एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरची पाच हजार क्रमांकापर्यंतची डेस्कटॉप मालिका एएम-फोर सॉकेटवर बसते. या प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना असतात आणि सॉकेट त्या फक्त बाजूने चिमटीत धरून ठेवतं. प्रोसेसरला वरून दाबून धरणारी कोणतीही चौकट नसते. त्यामुळे पेस्ट वाळून घट्ट झाली असेल तर हीटसिंकची पकड सॉकेटच्या पकडीपेक्षा भारी ठरते. माझं झालं ते हेच. प्रोसेसरचा त्यात काही दोष नव्हता, दोष माझ्या मनगटांचा.

इंटेलने २००४पासून डेस्कटॉप प्रोसेसरवरच्या पिना काढून त्या सॉकेटमध्ये नेल्या. एएमडीनेही २०२२मध्ये एएम-फाइव्हपासून तेच केलं. या प्रकारात प्रोसेसरवर धातूची चौकट आवळलेली असते, म्हणून तो हीटसिंकबरोबर उपटून येत नाही. पण सॉकेटमधल्या पिना केसासारख्या नाजूक असतात. प्रोसेसर उचलला आणि त्यात काही पडलं, तर अख्खा मदरबोर्ड गेलाच म्हणायचा.

यातून निघणारा नियम सोपा आहे. हीटसिंक बदलायला प्रोसेसर सॉकेटमधून काढावा लागत नाही. शेजारी एक कडी दिसते, हात शिवशिवतात, पण तिला हात लावू नका.

२. सामान जमवा

अर्धवट उघडलेला कॉम्प्युटर सोडून दुकानात पळणं म्हणजे स्क्रू हरवण्याची हमी. आधी हे टेबलावर मांडा:

- फुलीच्या टोकाचा मध्यम स्क्रू ड्रायव्हर. दुकानात याला ‘स्टार’ म्हणतात. टोकाला चुंबक असेल तर उत्तम.
- थर्मल पेस्टची सिरिंज. काही शे रुपयांत मिळते आणि चार-पाच वेळा पुरते.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं असेल तर छान. औषधाच्या दुकानात बहुधा ७० टक्क्यांचं मिळतं. तेही चालतं, फक्त त्यात पाणी असल्यामुळे वाळायला जास्त वेळ द्या.
- चष्म्याच्या डबीत येतं तसलं मऊ कापड, टिश्यू पेपर, कान साफ करायच्या चार काड्या.
- जुना रंगाचा ब्रश आणि हवा मारायचा रबरी फुगा.
- मोबाइल. उघडल्या उघडल्या फोटो काढा. वायर कुठली कुठे होती हे नंतर आठवत नाही, कोणालाच नाही.
- स्क्रूंसाठी एक वाटी.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात हे सगळं एका फेरीत मिळतं. तिथेच ट्रान्झिस्टरला लावायची पांढरी पेस्टही डबीतून विकतात. अगदीच अडलं तर ती चालते, पण लवकर वाळते. टूथपेस्टचा सल्ला कोणी दिला तर हसून विषय बदला. ‘लिक्विड मेटल’ नावाचा प्रकार पहिल्यांदा करणाऱ्यासाठी नाही. त्यात गॅलियम असतं, ते ॲल्युमिनियम खातं, आणि थेंब मदरबोर्डवर सांडला तर शॉर्ट सर्किट होतं.

नेलपॉलिश रिमूव्हरही नको. त्यातलं ॲसिटोन प्लास्टिक विरघळवतं.

दुकानातून जुळवून आणलेल्या कॉम्प्युटरवर वॉरंटीचा कागदी शिक्का चिकटवलेला असेल, तर तो फाडण्याआधी दुकानदाराला एक फोन करा. वाकलेल्या पिना साधारणपणे वॉरंटीत बसत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

३. आधी तापवा, मग बंद करा

ही पायरी मी तेव्हा गाळली होती.

थंड पेस्ट गोंदासारखी धरते, कोमट पेस्ट सैल सुटते. म्हणून कॉम्प्युटर चालू करून दहा-पंधरा मिनिटं त्याला कामाला लावा. गेम खेळा, व्हिडिओ रेंडर करा, काहीही. त्याच वेळी एचडब्ल्यूइन्फोसारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम उघडून प्रोसेसरचं तापमान एका कागदावर लिहून ठेवा: रिकामा असताना किती, काम करताना किती, आणि खोलीत गरम किती होतं. शेवटी हा कागद लागणार आहे. तुमचा कॉम्प्युटर तापून आपोआप बंदच पडत असेल तर त्याला छळू नका, नुसता चालू ठेवलात तरी पेस्ट कोमट होते.

मग नेहमीसारखा शट डाऊन करा. मागचं एसएमपीएसचं, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याचं, बटण बंद करा, भिंतीतली पिन काढा आणि कॅबिनेटचं चालू करायचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बाकीच्या वायरी काढा आणि कॅबिनेट आडवं झोपवा, मदरबोर्ड आकाशाकडे बघेल असं. उभ्या कॅबिनेटमध्ये हे काम करणारे लोक मी पाहिले आहेत. स्क्रू ग्राफिक कार्डच्या पंख्यात पडला की तेही आडवं करतात.

आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा, आणि मधूनमधून करत राहा. थंडीत देशावर स्वेटर काढताना चटचट आवाज होतो ना, ती वीज चिपला मारते. कोकणात भर पावसाळ्यात हा धोका कमी, पण सवय असलेली बरी. खाली गालिचा नको.

पाच-सात मिनिटांत पुढचं काम सुरू करा. मध्ये जेवायला बसलात तर तापवलेलं पाण्यात.

४. हीटसिंक काढा

पहिलं काम पंख्याची वायर काढणं. ती मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ असं छापलेल्या जागी चार काड्यांवर बसलेली असते. वायर ओढू नका, प्लास्टिकचं डोकं चिमटीत धरून काढा.

पुढे तीन प्रकार संभवतात.

चार स्प्रिंगचे स्क्रू : एएमडीबरोबर येणाऱ्या छोट्या कूलरला (हीटसिंक आणि पंखा मिळून कूलर) हे असतात. एक पूर्ण काढून मग दुसरा, असं करू नका, हीटसिंक तिरका होतो आणि एका कोपऱ्यावर सगळा दाब येतो. एक स्क्रू दोन फेरे सैल, मग त्याच्या कर्णावरचा दोन फेरे, मग उरलेले दोन. असं फिरत राहा. हे स्क्रू मदरबोर्डच्या मागच्या एका धातूच्या पाटीत बसलेले असतात. एएम-फोरवर चारही सुटले की मागची पाटी मोकळी होते आणि खाली पडते. म्हणून कॅबिनेटचं मागचं झाकणही आधीच उघडा आणि शेवटच्या स्क्रूला पाटी मागून बोटांनी धरा.

कडी आणि दांडी : एएमडीचे मोठे कूलर आणि बाहेरचे बरेच कूलर काळ्या प्लास्टिकच्या दोन कंसांना अडकवलेले असतात. दांडी उलटी फिरवून दाब सोडा, मग एका बाजूची कडी कंसातून सोडवा, नंतर दुसरी. इथे स्क्रू ड्रायव्हर तरफेसारखा वापरायचा मोह होतो. तो निसटला तर थेट मदरबोर्डवर ओरखडा, आणि तिथल्या तांब्याच्या रेषा केसाएवढ्या असतात.

पुश पिन : इंटेलच्या डब्यातल्या गोल कूलरच्या चार पायांवर काळी प्लास्टिकची डोकी दिसतात, त्यांवर बाणही असतो. ते स्क्रू नाहीत, गरगर फिरवू नका. बाणाच्या दिशेने पाव फेरा, मग डोकं वर ओढा. चारही असे सोडा.

आता मुख्य गोष्ट. हीटसिंक सुटा झाला की त्याला खालच्या बाजूने दोन्ही हातांनी धरा आणि फिरवा. बरणीचं झाकण सैल करताना फिरवतो तसं, पण थोडंच: दहा-पंधरा अंश डावीकडे, तेवढंच उजवीकडे. वर अजिबात उचलायचं नाही. शेजारच्या रॅमला, म्हणजे मेमरीच्या उभ्या पट्ट्यांना, आपटत असेल तर रॅम आधी काढून ठेवा. चार-सहा वेळा केलं की पेस्टची पकड सुटल्याचं हाताला कळतं, लोण्यावरून घसरल्यासारखा हीटसिंक सरकू लागतो. मग एका बाजूला सरकवत हळूच उचला.

हलतच नसेल तर जोर लावू नका. पंख्याची वायर परत लावा, हीटसिंक पुन्हा घट्ट आवळा, कॉम्प्युटर पुन्हा तापवा आणि नव्याने सुरुवात करा. वीस मिनिटं जातील, प्रोसेसर जाणार नाही. हीटसिंक न आवळता ‘जरा चालू करून बघू’ म्हणणं मात्र नको. आजचे प्रोसेसर तापले की स्वतःला मंद करतात, फारच तापले की बंद होतात, पण ती सोय अपघातासाठी आहे, तुमच्या कुतूहलासाठी नाही.

५. तरीही प्रोसेसर चिकटून आला तर

एएम-फोरवाल्यांसाठी. बाकीच्यांनी पुढे जावं.

थांबा. तो तसाच सॉकेटवर दाबून बसवायचा नाही. सॉकेटची कडी बंद आहे, पिना आत जाणार नाहीत, वाकतील. हीटसिंक उलटा करून टेबलावर ठेवा, पिना वर. केस वाळवायच्या ड्रायरने हीटसिंकचा धातू कोमट करा. मग प्रोसेसरच्या कडा दोन बोटांत धरून, पिनांना न शिवता, आडवा पिळा. तरी नाही सुटला तर दात साफ करायचा नायलॉनचा दोरा दोघांच्या मधल्या फटीत घालून करवतीसारखा पुढे-मागे सरकवा. सुरी, ब्लेड, स्क्रू ड्रायव्हर फटीत घालायचा नाही.

सुटला की पिना तपासा. वरून बघून कळत नाही. प्रोसेसर डोळ्यांच्या पातळीला धरा आणि मागे दिवा ठेवा. शेतातल्या सऱ्यांसारख्या पिनांच्या सरळ रांगा दिसतात, वाकडी पिन लगेच रांग मोडते. ती सरळ करायला शिसं काढलेली मेकॅनिकल पेन्सिल वापरा. तिच्या टोकाच्या पोकळ नळीत पिन अलगद शिरते, मग इवलंसं वर. एका झटक्यात नाही, दोन-तीन टप्प्यांत. पिन मागे-पुढे खेळवली की तुटते. जुनं एटीएम कार्ड रांगेतून फिरवूनही शेवटची सफाई होते. माझ्या दोन पिनांना मिळून चाळीस मिनिटं लागली.

परत बसवताना सॉकेटची कडी पूर्ण वर करा. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, सॉकेटवरही त्रिकोणाची खूण असते. दोन्ही जुळवा आणि प्रोसेसर नुसता ठेवा. तो स्वतःच्या वजनाने आत बसला पाहिजे. दाबावं लागत असेल तर कुठलीतरी पिन अजून वाकडी आहे. बसला की एका बोटाने हलकं धरून कडी खाली.

६. जुनी पेस्ट पुसा

आधी कोरड्या टिश्यूने जाड थर उचला. नेहमी कडेकडून मधे पुसा. मधून कडेला पुसलं की घाण सॉकेटच्या फटीत जाते. मग कापडावर अल्कोहोल घ्या, थेट प्रोसेसरवर ओतू नका. दोन-तीन हात मारले की धातू चकचकीत दिसतो. हीटसिंकचं बूडही तसंच. एएम-फाइव्ह प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाला कडेने खाचा असतात, त्यांत पेस्ट अडकते. कानाच्या काडीने जेवढी निघेल तेवढी काढा. साधी पेस्ट वीज वाहून नेत नाही, खाचेत थोडी राहिली म्हणून झोप उडवून घेऊ नका.

पुसलेल्या जागी आता बोट लावायचं नाही. बोटाला तेल असतं.

७. तोच हीटसिंक, की नवा?

जुनाच लावायचा असेल तर पंखा वेगळा करून पात्या ब्रशने झाडा. फोडणीची वाफ, उदबत्तीचा धूर आणि धूळ यांचा मिळून जो चिवट थर होतो तो नुसत्या ब्रशने जात नाही. साधा ॲल्युमिनियमचा हीटसिंक असेल तर, पंखा काढून, साबणाच्या कोमट पाण्याने सरळ धुवा आणि दिवसभर उन्हात वाळवा. पंख्यावर हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवा. भन्नाट फिरला की त्याचं बेअरिंग बिघडतं, शिवाय फिरता पंखा उलट वीज तयार करतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

नवा घ्यायचा असेल तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी जुळवा. एक, सॉकेट. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून, म्हणजे २०२१पासून, मदरबोर्डवरच्या भोकांमधलं अंतर ७५ऐवजी ७८ मिलिमीटर झालं. तीन मिलिमीटरचाच फरक, पण जुना कूलर बसत नाही, वेगळा कंस लागतो. एएम-फोर आणि एएम-फाइव्हची भोकं सारखीच आहेत, पण एएम-फाइव्हची मागची पाटी सॉकेटलाच जोडलेली असते. स्वतःची पाटी घेऊन येणारे कूलर तिथे अडतात. दोन, उंची. टॉवर कूलर, म्हणजे उभ्या मनोऱ्यासारखा कूलर, दीडशे-एकशे साठ मिलिमीटर सहज असतो. अरुंद कॅबिनेटचं झाकण मग लागत नाही, आणि ते कळतं शेवटी. तीन, रॅम. उंच पट्ट्यांच्या डोक्यावर पंखा येतो का बघा.

८. पेस्ट लावा

दोन धातू डोळ्यांना सपाट दिसले तरी त्यांच्यात बारीक खड्डे असतात आणि त्यांत हवा बसते. हवा उष्णता जवळजवळ नेतच नाही. पेस्टचं काम ती हवा हाकलण्याचं. तांब्याच्या तुलनेत पेस्टही उष्णतेची मंद वाहक आहे, म्हणून जाड थर म्हणजे फायदा नव्हे. श्रीखंड वाढायचं नाहीये.

चौकोनी प्रोसेसरच्या मधोमध कोवळ्या मटाराच्या दाण्याएवढा ठिपका. इंटेलचे बाराव्या पिढीपासूनचे प्रोसेसर लांबट आहेत, तिथे एक छोटी उभी रेघ किंवा बारीक फुली. पसरायची गरज नाही, दाबाने पसरते. थोडी जास्त झाली तर कडेने बाहेर येते, पुसून टाका. फार कमी झाली तर कोपरे कोरडे राहतात, ते जास्त वाईट.

नव्या कूलरच्या बुडाला पेस्ट आधीच लावलेली असेल तर वरून आणखी घालू नका. आणि बुडाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असेल तर ते काढा. हसू नका. हे विसरणारे खूप आहेत, आणि मग दोष कूलरला देतात.

९. बसवा

हीटसिंक सरळ वरून, एकदाच खाली ठेवा. ठेवून परत उचलला तर मध्ये हवेचे बुडबुडे अडकतात. तसं झालं तर पुसून नव्याने पेस्ट.

स्क्रू पुन्हा कर्णावर, दोन-दोन फेरे, आपोआप थांबेपर्यंत. थांबल्यावर आणखी जोर नको. पुश पिन असतील तर आधी चारही डोकी बाणाच्या उलट फिरवून मूळ जागी आणा, पाय भोकांत बसवा, मग कर्णावरच्या दोन एकदम दाबा. टक्‌ ऐकू आलं पाहिजे. मदरबोर्ड थोडा वाकतो, छातीत धस्स होतं, पण चालतं. मग मागच्या बाजूने बघा: चारही भोकांतून पांढरे पाय आणि त्यांच्या मधून काळी काडी आरपार आलेली हवी. एक जरी पाय अर्धवट राहिला तर हीटसिंक तिरका बसतो.

टॉवर कूलरचा पंखा हवा कॅबिनेटच्या मागच्या जाळीकडे ढकलेल असा लावा. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या प्लास्टिकच्या पट्ट्या दिसतात, हवा साधारणपणे तिकडून बाहेर पडते.

१०. वायर, आणि पहिली सुरुवात

पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’वरच लावा, शेजारच्या कॅबिनेट पंख्याच्या जागी नाही. चुकलात तर बऱ्याच मदरबोर्डांवर सुरू होताना ‘सीपीयू फॅन एरर, प्रेस एफ-वन’ असा संदेश येतो. एफ-वन दाबून पुढे जाऊ नका, बंद करून वायर बघा. वायर पात्यांना लागत नाही ना, तेही.

झाकण उघडं ठेवूनच चालू करा आणि आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जा. तिथे तापमान दिसतं. ते एका जागी टेकलं तर ठीक. मिनिटभरात सरसर नव्वदीकडे निघालं तर लगेच बंद: प्लास्टिक राहिलं आहे, एक कोपरा सुटला आहे किंवा पंखा फिरत नाही, यांतलं एक नक्की.

सगळं नीट वाटलं की विंडोज सुरू करून तोच गेम, तेवढाच वेळ, आणि तिसऱ्या पायरीतला कागद काढा. खोलीचं तापमानही बघा. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात नागपूरला पंचेचाळीस अंशांत बसलेल्या माणसाने महाबळेश्वरच्या मित्राचे आकडे बघून हीटसिंक पुन्हा उघडायचं कारण नाही. माझा रायझन फाइव्ह ३६०० आधी गेममध्ये ९५ला भिडायचा, ती त्याची कमाल मर्यादा. आता ७२-७३वर थांबतो, पिना सरळ केलेल्या असूनही.

निघालेले कंस, मागची पाटी, जुने स्क्रू एका पिशवीत घालून मदरबोर्डच्या खोक्यात ठेवा. पुढे कूलर बदलताना किंवा मदरबोर्ड विकताना लागतात आणि सुटे सहसा मिळत नाहीत. पेस्टच्या सिरिंजचं टोपण घट्ट लावा, त्यावर आजची तारीख लिहा.